दहा व्हायल देऊनही रक्त गोठत नाही तेव्हा: घोणस, मण्यार आणि जवळचा दवाखाना

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडचा आहे. धाकट्या भावाला भाताच्या बांधावर गवत कापताना पायाला घोणस चावली. तालुक्याच्या दवाखान्यात दहा व्हायल (औषधाच्या कुप्या) प्रतिविष दिलं, तिथून बेळगावला पाठवलं, तरी रक्त गोठत नव्हतं म्हणून तिथं आणखी दहा दिल्या. पुढे लघवी कमी झाली, डायलिसिस करावं लागलं. भाऊ आता घरी आहे. विचारणाऱ्या दादांच्या तीन शंका आहेत. एवढी इंजेक्शनं खरंच लागतात का, की उगाच चढवतात? तालुक्याला वेळ घालवण्यापेक्षा थेट बेळगाव गाठायला हवं होतं का? आणि त्याच पावसाळ्यात शेजारच्या वाडीतली एक मुलगी झोपेतून उठलीच नाही, अंगावर खूण नव्हती. लोक म्हणतात पान लागलं, म्हणजे साप चावला. ते खरं असेल का?

दादा, मधल्या शंकेपासून सुरुवात करतो. तालुक्याला थांबलात ते योग्यच केलंत. जांबोटीहून चोर्ल्याच्या रस्त्यानं सरळ बेळगावात उतरता येतं, तिथं मोठे दवाखाने आहेत, त्यामुळे तो विचार डोक्यात येणं साहजिक आहे. पण घोणशीचं विष अंगात गेल्यावर पहिली व्हायल लागायला जितका उशीर, तितका किडनीला धोका जास्त. ज्या दवाखान्यात प्रतिविष शिल्लक आहे आणि ते लावणारा डॉक्टर हजर आहे, त्यातला सगळ्यांत जवळचा तो तुमचा. बेळगावचं जिल्हा रुग्णालय, केएलई, मिरज, कोल्हापूरचं सीपीआर, गोव्याचं बांबोळी ही सगळी दुसऱ्या टप्प्याची ठिकाणं. व्हेंटिलेटर लागला, डायलिसिस लागलं, रक्ताचे घटक चढवायचे झाले तर तिथं जायचं, तेही पहिला डोस अंगात गेल्यावर. निपाणी-चिकोडीकडच्या लोकांनी तर राज्याची हद्द बघूच नये. प्रतिविष दोन्हीकडं तेच आहे, आधार कार्ड कुठलं हा प्रश्न सकाळी बघता येतो. निघतानाच दवाखान्यात फोन करून 'प्रतिविष आहे का' एवढं विचारा. नसेल तर रस्ता तिथंच बदलता येतो. १०८ ची गाडी यायला वेळ असेल तर वाडीतली जीप, वडाप, जे चालू असेल ते घ्या.

भीमगडच्या जंगलातल्या आमगाव, गवाळी, तळेवाडीसारख्या वाड्यांना हे सांगताना मलाच संकोच वाटतो. पावसात तिथून रस्त्यापर्यंत यायचं म्हणजे माणसाला खांद्यावर आणावं लागतं. तरीही एक सांगतो: चावलेल्या माणसाला चालवू नका. चालताना पायाचे स्नायू हलतात आणि विष लवकर वर चढतं. पाय काठीला किंवा फळीला कापडानं सैल बांधून, झोळी करून आणा.

आता इंजेक्शनांचा हिशेब. आपल्याकडं मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांवर एकत्र चालतं. घोड्यांना थोडं थोडं विष टोचतात आणि त्यांच्या रक्तातून ते काढतात. १ मिलिलिटर प्रतिविष घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतं, असं प्रमाण ठरलेलं आहे. व्हायल १० मिलिलिटरची, म्हणजे एका व्हायलमागं ६ मिलिग्रॅम. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. भागाकार केला की दहा-साडेदहा व्हायल येतात. पहिला डोस दहाचा असतो तो यामुळे. आणि ही सरासरी आहे. एखादी दांडगी घोणस याच्या दुपटीनं विष सोडू शकते. म्हणून रक्त बिघडवणाऱ्या सापांसाठी गरज पडली तर ३० व्हायलपर्यंत जाण्याची मुभा उपचारपद्धतीत आहे. लहान मुलाला डोस कमी करत नाहीत, कारण सापानं त्यालाही तेवढंच विष टोचलेलं असतं.

तुमच्या भावाला वीस लागल्या, त्यात मला वावगं दिसत नाही. 'तरी रक्त गोठत नव्हतं' असं तुम्ही लिहिलंय, त्यामागं काय होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. लोक म्हणतात घोणशीचं विष रक्त पातळ करतं. सुरुवात खरं तर उलटी होते. रक्त गोठवणारी जी साखळी शरीरात असते, तिच्यातल्या दहाव्या आणि पाचव्या घटकाला हे विष कारण नसताना कामाला लावतं. सगळ्या अंगभर बारीक बारीक गोठण चालू होते आणि त्यात फायब्रिनोजेन, म्हणजे ज्याची गुठळी बनते ते रक्तातलं प्रथिन, खर्ची पडतं. साठा संपला की मग जिथं छिद्र तिथून रक्त: हिरड्या, लघवी, सलाईनची सुई काढलेली जागा. प्रतिविष विषाला अडवतं, पण संपलेलं फायब्रिनोजेन परत आणून देत नाही. ते लिव्हरला नव्यानं तयार करावं लागतं आणि त्याला काही तास लागतात. म्हणून पहिल्या डोसनंतर सहा तास थांबून रक्त पुन्हा तपासतात. तेव्हाही गोठलं नाही तर विष अजून शिल्लक आहे असं धरून पुढचा डोस देतात. मधल्या वेळात नातेवाईक दर अर्ध्या तासाला 'अजून गोठलं का' म्हणून विचारत असतात आणि उत्तर 'नाही' येतं. ती सहा तासांची वाट बघणं हा उपचाराचाच भाग असतो.

ही तपासणी इतकी साधी आहे की लोकांचा तिच्यावर विश्वास बसत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिलिलिटर रक्त घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग नळी आडवी करायची. रक्त पाण्यासारखं ओघळलं तर विष रक्तात भिनलंय. मशीन नको, वीज नको, लॅब नको. मात्र नळी काचेचीच हवी आणि नवी हवी. प्लास्टिकच्या नळीत धड माणसाचं रक्तही वेळेत गोठत नाही, आणि साबणानं धुतलेल्या काचेच्या नळीतही गफलत होते. नातेवाईक म्हणून तुम्ही दवाखान्यात दुसरं काही विचारू शकला नाहीत तरी 'वीस मिनिटांची तपासणी झाली का' हे जरूर विचारा.

प्रतिविष जास्त लागण्याचं आणखी एक कारण आहे. देशात प्रतिविष बनवायला लागणारं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं. त्या लोकांचं कौशल्य वादातीत आहे. पण चेन्नईजवळच्या घोणशीचं विष आणि आपल्या घाटमाथ्यावरच्या घोणशीचं विष हुबेहूब सारखं असेलच असं नाही. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, हे बेंगळूरच्या आयआयएस्सीतल्या (भारतीय विज्ञान संस्था) संशोधकांनीही दाखवून दिलं आहे. म्हणजे कागदावरचा दहाचा हिशेब प्रत्यक्षात आखडता पडू शकतो.

'उगाच चढवतात का' याचं प्रामाणिक उत्तर असं की कधी कधी हो. साप चावला, पण सूज वाढत नाही, रक्त गोठतंय, पापण्या उघड्या आहेत, तरी नातेवाइकांच्या दबावाखाली प्रतिविष चालू करतात. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. अशा माणसाला २४ तास निरीक्षणाखाली ठेवणं पुरतं. पण माझ्या मते याहून वाईट प्रकार उलट बाजूचा आहे. 'दोन व्हायल लावतो, पुढे घेऊन जा' म्हणणारे. घोणशीच्या दंशाला दोन व्हायल देणं म्हणजे कागदावर उपचार झाल्याचं दाखवणं. त्या घाबरटपणामागं रिअॅक्शनची भीती असते. घोड्याची प्रथिनं असल्यामुळे अंगावर गांधी उठणं, थंडी वाजून ताप, दम लागणं, रक्तदाब कोसळणं हे होऊ शकतं. ती भीती खोटी नाही. पण तिच्यावरचं औषध प्रत्येक दवाखान्यात असतं: अॅड्रेनॅलिन, मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. भरून ठेवलेली सिरिंज उशाशी असली की प्रतिविष देता येतं. आधी त्वचेवर चाचणी घेण्याची जुनी पद्धत सोडून दिलेली आहे, तिच्यावरून काही कळत नाही आणि वेळ जातो. महाडसारख्या गावात राहून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून जगाला दाखवलं की विषबाधेवरचा गंभीर उपचार छोट्या ठिकाणीही होतो. तालुक्याच्या तरुण डॉक्टरांना मी हे नेहमी ऐकवतो.

किडनीबद्दल थोडक्यात. घोणशीच्या विषानं रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, रक्तदाब पडतो, बारीक गुठळ्या किडनीच्या वाहिन्यांत अडकतात, आणि विषाचा थेट मारही बसतो. त्यामुळे पहिल्या दिवसापासून लघवी मोजत राहायचं असतं. डायलिसिस लागलं म्हणजे जन्माचं लागलं असं नाही. बहुतेकांची किडनी काही आठवड्यांत परत काम करू लागते. थोड्यांची नाही करत.

त्या मुलीबद्दल खात्रीनं सांगणं कुणालाच शक्य नाही, पण तुम्ही सांगितलेलं चित्र मण्यारीच्या दंशाशी फार जुळतं. मण्यार रात्री घरात येते, उंदरांच्या आणि पालींच्या मागं. जमिनीवर झोपलेल्या माणसाचा हात-पाय तिच्यावर पडतो आणि ती चावते. दात इतके बारीक की बऱ्याचदा खूण सापडत नाही. सूज नाही, आग नाही. माणूस डास चावला म्हणून कूस बदलतो. पहाटे पोटात जोरात दुखतं, उलटी होते. घरचे ओवा-पाणी देतात. मग पापण्या जड होतात, शब्द अडखळतात, थुंकी गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. पावसाळ्यात, खाली झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि पापण्या मिटू लागल्या, तर खूण शोधत बसू नका. साप चावला असं धरून निघा.

नाग आणि मण्यार दोघंही माणसाला लुळं करतात, पण दोघांची रीत वेगळी आहे आणि उपचारही त्यामुळे बदलतो. मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत नेणारं रसायन ही किल्ली धरली, तर नागाचं विष कुलपाच्या भोकात काडी घालून बसतं आणि मण्यारीचं विष किल्ल्या घडवणारी जागाच उद्ध्वस्त करतं. म्हणून नागाच्या दंशात निओस्टिग्मिन हे इंजेक्शन (सोबत अॅट्रोपिन) दिलं की कधी कधी तासाभरात डोळे उघडतात. मण्यारीला त्याचा सहसा उपयोग होत नाही. एकदा लुळेपणा पूर्ण बसला की प्रतिविषही तो मागं फिरवत नाही. मज्जातंतूंची टोकं पुन्हा सावरेपर्यंत कित्येक दिवस लागतात आणि तेवढे दिवस कुणीतरी श्वास द्यायचा असतो. व्हेंटिलेटर नसेल तर गाडीतून नेताना अम्बू बॅग (हातानं दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबत राहायची. एवढ्यावर माणसं वाचतात, आणि अगदी पूर्ण बरी होतात.

यात एक भयंकर गोष्ट आहे. मण्यारीच्या रुग्णाच्या बाहुल्या मोठ्या होऊन स्थिर राहू शकतात, हात-पाय हलत नाहीत, श्वास जाणवत नाही. मेंदू गेला असं वाटतं. आत माणूस जागा असतो, सगळं ऐकत असतो. तेव्हा असा माणूस गेला की आहे हे घरी, देवळात किंवा गावच्या जाणत्यानं ठरवू नये. आणि आयसीयूत त्याच्या खाटेशेजारी खर्चाचं किंवा क्रियाकर्माचं बोलू नये.

फुरसं आपल्याकडं गोकाक-सौंदत्तीच्या कोरड्या, खडकाळ भागात भेटतं. छोटं असतं म्हणून लोक हलक्यात घेतात. त्याचं विषही रक्ताची गोठण मोडतं, आणि दोन-तीन दिवसांनी हिरड्यांतून रक्त येतंय म्हणून कुणी आलं तरी प्रतिविष द्यायचं असतं. रक्त गोठत नाही तोवर 'उशीर झाला' असं होत नाही. खानापूरच्या जंगलपट्ट्यात मात्र एक वेगळीच पंचाईत आहे. तिथले चापडे, विशेषतः नाकाड्या चापडा, या चौघांत मोडत नाहीत. नाकाड्याच्या विषावर आपलं प्रतिविष चालत नाही. सूज, वेदना, क्वचित रक्तस्राव आणि किडनीचा त्रास होतो. तिथं जे करायचं ते आधाराचं: सलाईन, लघवीवर लक्ष, लागलं तर डायलिसिस. नागराजाच्या विषावरही हे प्रतिविष बनवलेलं नाही, पण तो माणसाला चावल्याच्या घटना इतक्या विरळ आहेत की त्याची चिंता करत बसू नका.

साप ओळखण्याचा हट्ट सोडा, असं मी म्हणतो तेव्हा लोकांना पटत नाही. पण बघा: डुरक्या घोणस बिनविषारी, लोक तिला घोणस समजतात. कवड्या बिनविषारी, त्याला मण्यार समजून मारतात. मांजऱ्याला फुरसं समजतात. आणि याच्या उलट चूक झाली तर? खऱ्या मण्यारीला कवड्या समजून घरी झोपवलं तर सकाळ होत नाही. प्रतिविष चौघांवर एकच आहे, आणि ते द्यायचं की नाही हे रुग्णाच्या अंगावरून ठरतं. लांबून फोटो मिळाला तर घ्या, सर्पमित्र जवळ असेल तर त्याला दाखवा. साप पकडायला किंवा मारायला जाऊ नका, दुसरा माणूस चावून घेतो. दवाखान्यातली सिस्टर कन्नड बोलणारी असेल तर घोणशीला कोळकु मंडल, फुरशाला गरगस मंडल म्हणा, बस.

आणि ते कडुलिंबाचं. पाला कडू लागला म्हणजे विष नाही, मिरची तिखट लागली म्हणजे विष नाही, या परीक्षा आजही होतात. घोणशीच्या किंवा फुरशाच्या विषाचा जिभेच्या चवीशी संबंध नाही. घोणस चावलेल्या माणसाला पाला कडूच लागणार, आणि तोवर तो लघवीतून रक्त टाकत असणार. मारुतीच्या देवळात रात्रभर बसवणं, जखमेवर कोंबडी लावणं, ब्लेडनं चिरा देणं, हे सगळं एकाच खात्यात टाकतो. चिरा तर सर्वांत वाईट, कारण ज्याचं रक्त गोठत नाही त्याला तुम्ही कापताय. मंत्रानं बरे झालेले पुष्कळ भेटतात, हे खरं आहे. त्यातल्या बहुतेकांना बिनविषारी साप चावलेला असतो किंवा विषारी सापानं विष सोडलेलं नसतं.

दोरी आवळू नका. पण कुणी आधीच आवळली असेल तर वाटेत ती कापूही नका. अडलेलं विष एकदम वर येतं आणि गाडीतच श्वास थांबू शकतो. दवाखान्यात सलाईन लागल्यावर, प्रतिविष हाताशी असताना डॉक्टरला ती सोडू द्या. अंगठी, पैंजण, कडं मात्र लगेच काढा, सूज आल्यावर ते निघत नाहीत.

कर्नाटक सरकारनं २०२४ साली सर्पदंश हा कळवणं बंधनकारक असलेला आजार ठरवला. सरकारी असो की खासगी, प्रत्येक दवाखान्यानं दंश आणि मृत्यू नोंदवायचा असतो. हा कागदी उद्योग वाटेल, पण कुठल्या तालुक्यात किती प्रतिविष ठेवायचं हे अशा नोंदींवरूनच कळतं. देशभरात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं दरवर्षी सरासरी ५८,००० माणसं गेली असा अंदाज आहे, निम्मी जून ते सप्टेंबरमध्ये, आणि बरीचशी दवाखान्याबाहेर. वाडीतली ती मुलगी कुठल्याच नोंदीत गेलेली नसणार.

घरी पोरांना खाटेवर, नाहीतर मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचून झोपवा. मण्यारीवर याहून स्वस्त उपाय नाही. शेणीचा हुडवा आणि जळण घराच्या भिंतीला लावू नका. बांधावर गमबूट, रात्री बॅटरी. हे तुम्हाला माहीतच आहे.

आता भावाचं. प्रतिविष दिल्यापासून एक-दोन आठवड्यांत ताप, सांधेदुखी, अंगाला खाज असं झालं तर तो घोड्याच्या प्रथिनांचा उशिरा येणारा त्रास असतो, गोळ्यांनी बरा होतो. घाबरू नका, पण दाखवा. क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) काही महिने तपासत राहा. पाय दुखतो म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून देऊ नका, किडनीला ते सध्या चालणार नाही. पॅरासिटामॉल चालेल. काही महिन्यांनी सतत थकवा, थंडी सोसवत नाही, दाढीचे केस विरळ होतात, रक्तदाब कमी राहतो असं काही वाटलं तर डॉक्टरला मुद्दाम 'घोणस चावली होती' असं सांगा. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी या विषानं क्वचित निकामी होते, आणि ती तपासायची हे सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. संप्रेरकांच्या गोळ्यांनी ते सांभाळता येतं. गावात कुणी म्हणेल की एकदा हे इंजेक्शन घेतलं की पुन्हा घेता येत नाही, किंवा आता त्याला साप बाधणार नाही. दोन्ही चूक. पुन्हा चावला तर तितकाच धोका आहे आणि प्रतिविष पुन्हा द्यावंच लागेल, फक्त आधी घेतलं होतं आणि तेव्हा रिअॅक्शन आली होती का, एवढं पोचल्या पोचल्या सांगायचं. डिस्चार्जचा कागद त्यासाठी जपून ठेवा.